गेलेल्या मैत्रिणींची नावे

या वेळचे पत्र कराडजवळून आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देते.

"माझे वय ५२ आहे. २०१६ मध्ये माझ्यावर मुंबईत स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले. दादरच्या धर्मशाळेत राहून लाईट (म्हणजे रेडिएशन) घेत असताना आम्हा चौघींची ओळख झाली आणि घरी परतल्यावर आम्ही व्हॉट्सअॅपवर एक गट केला. आज त्यात चंद्रपूरपासून मडगावपर्यंतच्या १६० बायका आहेत. बहुतेकींनी एकमेकींना कधी पाहिलेले नाही. आतापर्यंत १९ जणी गेल्या. गटात मी ते कधी सांगत नाही. नंबर हळूच काढून टाकते आणि नाव माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. गेल्या दिवाळीत लातूरकडच्या एक काकू गेल्या. त्या रोज संध्याकाळी तुळशीपाशी लावलेल्या दिव्याचा फोटो पाठवत. ऑपरेशननंतरच्या नळीची बाटली अडकवण्यासाठी त्यांनी शिकवलेली कापडी झोळी आमच्याकडे अजून शिवली जाते. बाराव्या दिवशी त्यांच्याच फोनवरून मुलाने 'आई गेली' एवढे लिहिले आणि तो गटातून बाहेर पडला. त्या रात्री श्रद्धांजलीचे शंभरावर मेसेज आले. दोन किमो झालेली ३१ वर्षांची नवी मुलगी मला म्हणाली, 'ताई, मला हे दाखवू नका.' दुसऱ्या दिवशी, जिचा आजार हाडांत पसरला आहे अशा एका मैत्रिणीने विचारले, 'माझाही नंबर असाच गुपचूप काढणार का?' ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, सगळ्या १९ नावांचे वाचन करावे असे मला वाटते. काही जणी म्हणतात, हे अभद्र आहे. माझे पती म्हणतात, 'ज्यांना तू कधी भेटलीच नाहीस, त्यांचं एवढं काय मनाला लावून घेतेस?' मी काय करावे?"

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण मला त्यांतला एकच आधी हाताशी घ्यावासा वाटतो आणि तो तुमचा नाही, तुमच्या मैत्रिणीचा आहे. 'माझाही नंबर असाच गुपचूप काढणार का?' असे विचारणाऱ्या बाईला उत्तर हवे आहे आणि ते तिला या आठवड्यातच मिळायला हवे. गटाने काय ठरवायचे ते नंतर ठरू द्या. तुम्ही तिला फोन करा, जमत असेल तर भेटायला जा आणि स्पष्ट सांगा की आजवर मी नावे न सांगता काढली, ती सगळ्यांना जपण्यासाठी काढली, पण तुझ्या बाबतीत तसे होणार नाही; तुला काय आवडेल ते तूच सांग. तिने हा विषय स्वतःहून काढला आहे. अशा वेळी 'असं काय बोलतेस, तू बरी होणार आहेस' असे म्हणून तिचे तोंड बंद करण्याचा मोह आपल्या सर्वांना होतो. तो या वेळी आवरा. ती तुम्हाला मरणाविषयी विचारत नाही, ती तुमच्यातल्या आपल्या जागेविषयी विचारते आहे.

तुम्ही नावे लपवलीत यात तुमचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण हीच गोष्ट मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात समुपदेशक होते आणि दर गुरुवारी आमच्याकडे रुग्ण स्त्रियांची बैठक भरत असे. कुणी गेले की पुढच्या गुरुवारच्या आत हजेरीच्या रजिस्टरमधल्या त्या नावावर आम्ही व्हाइटनर लावत असू. सही करताना मृत नाव कुणाच्या नजरेस पडू नये एवढाच हेतू होता. एका गुरुवारी दुसऱ्या किमोला आलेली एक मावशी सही करता करता थांबली आणि अंगठ्याच्या नखाने तो पांढरा पापुद्रा खरवडू लागली. खालची निळी अक्षरे दिसू लागल्यावर तिने नाव वाचले, पेन खाली ठेवले आणि सही न करताच ती आत जाऊन बसली. त्या दिवशी बैठकीत ती एक शब्दही बोलली नाही. त्या पांढऱ्या पट्ट्या सगळ्यांना दिसत होत्या, सगळ्या जणी त्या मोजत होत्या आणि त्यांच्याविषयी बोलायची सोय मात्र आम्ही कुणालाच ठेवली नव्हती. तुमच्या गटातही, ताई, ज्या दिवशी रोजचा दिव्याचा फोटो आला नाही त्याच दिवशी काकूंविषयी कित्येकींना कळून चुकले असणार. बारा दिवस त्या एकेकट्या तो प्रश्न घेऊन बसल्या होत्या.

मृत्यूची बातमी कळली तर इतर रुग्ण खचतील, ही भीती आपल्याकडचीच नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्विन यालोम आणि डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी आजार पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांचे गट सुरू केले, तेव्हा त्यांनाही हेच सांगण्यात आले होते की एकमेकींना मरताना पाहून या बायका कोसळतील. त्या गटांत मरणाविषयी उघड बोलले जाई, गेलेल्या मैत्रिणीसाठी रडले जाई, आणि वर्षभरानंतर पाहिले तर या स्त्रियांची मनःस्थिती गटात नसलेल्या स्त्रियांपेक्षा चांगली होती. पुढे १९८९ मध्ये स्पीगल यांनी अशा ८६ स्त्रियांच्या अभ्यासातून गटात असलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्या असे दाखवले आणि जगभर त्याची चर्चा झाली. परंतु २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मन हलके झाल्याचे आणि वेदनेचा जाच कमी झाल्याचे मात्र त्यातही दिसले. म्हणून तुमच्या गटामुळे कुणाचे आयुष्य वाढेल असे मी तुम्हाला सांगणार नाही. मैत्रिणीच्या मृत्यूविषयी मोकळेपणाने बोलल्याने बायका कोसळत नाहीत, एवढे मात्र सांगेन.

तरीही ती ३१ वर्षांची मुलगी चूक नाही. तिचे दोनच किमो झाले आहेत, तिला अजून स्वतःच्या केसांची सवय मोडायची आहे, आणि सलाईन लावलेल्या हाताशेजारी ठेवलेला फोन रात्रभर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ने थरथरत राहिला तर तिने काय करावे? खरे सांगायचे तर तिला त्या रात्री मृत्यूच्या बातमीने जेवढे घाबरवले असेल, त्याहून अधिक त्या शंभर मेसेजांनी घाबरवले असेल. हात जोडलेली तीच तीच चित्रे, कुठून तरी उचललेले तेच ते श्लोक, आणि त्या सगळ्यात काकू कुठेच नाहीत. तेव्हा माझी सूचना अशी की मुख्य गटात बातमी द्यावी, पण ती एकदाच, एका व्यक्तीने, साध्या दोन-तीन वाक्यांत द्यावी आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था फोनमध्ये करून ठेवावी. ज्यांना बोलायचे आहे, रडायचे आहे, काकूंचे जुने आवाज पुन्हा ऐकायचे आहेत, त्यांच्यासाठी वेगळा लहान गट असावा, आणि तो आहे हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगावे. त्यात यायचे की नाही, केव्हा यायचे, हे जिचे तिने ठरवावे. त्या मुलीलाही तुम्ही एवढेच सांगा की तुझ्यापासून काही लपवले जाणार नाही आणि तुझ्यावर काही लादलेही जाणार नाही.

आता त्या दोन-तीन वाक्यांविषयी, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त काळजी तिथे घ्यायला हवी. आपली वृत्तपत्रे कर्करोगाने कुणी गेले की 'कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी' असा मथळा देतात आणि आपणही नकळत तेच शब्द उचलतो. तुमच्या गटात, जिथे प्रत्येक वाचणारी बाई तोच आजार अंगावर घेऊन वाचते आहे, तिथे हा शब्दप्रयोग कृपा करून येऊ देऊ नका. काकूंनी सगळे किमो घेतले, लाईट घेतले, गोळ्या वेळेवर घेतल्या. आजार औषधाला दाद देईनासा झाला. यात काकूंचे अपयश कुठे आहे? आणि 'झुंज हरली' असे एकीविषयी लिहिले की जिचा आजार पसरला आहे तिने त्यातून काय समजायचे, की ती कमी पडते आहे? त्याचप्रमाणे आजार कोणत्या टप्प्यावर होता, शेवटचे आठ दिवस कसे गेले, कोणते औषध लागू पडले नाही, हेही लिहू नये, कारण वाचणारी प्रत्येक जण लगेच स्वतःची फाइल काढून तुलना करू लागते. 'आपल्या लातूरकडच्या काकू रविवारी पहाटे गेल्या. नळीची झोळी त्यांनी आपल्याला शिकवली. आज कुणी उत्तर लिहू नये; बोलावेसे वाटले तर मला फोन करावा.' एवढे पुरे आहे.

त्या झोळीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. ज्यांच्या घरी हे झालेले नाही त्या वाचकांसाठी सांगते की स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेतले पाणी बाहेर यावे म्हणून काखेजवळून एक नळी काढलेली असते, तिच्या टोकाला बाटली असते, आणि ती घेऊनच बाईला पुष्कळदा घरी पाठवले जाते. ती बाटली कधी साडीच्या निरीला पिन लावून, कधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सांभाळताना होणारा त्रास आणि लाज मी पाहिलेली आहे. जुन्या परकराच्या कापडाची वीतभर झोळी, तिला गळ्यात अडकवायला लांब नाडी आणि वरून पदर, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि दारात आलेल्या शेजारणीला काही दिसतही नाही. ज्या बाईने हे शोधून १६० जणींना शिकवले तिचे स्मरण करायला आणखी वेगळे काय हवे? आजपासून त्या झोळीला 'काकूंची झोळी' म्हणा. नव्या बाईला ऑपरेशनच्या आधी ती शिवून पाठवाल तेव्हा चिठ्ठीत तेच नाव लिहा. मग ती विचारेल की या काकू कोण, आणि कुणीतरी तिला सांगेल, तेही तिला ऐकायची इच्छा असेल तेव्हा आणि तितकेच. वहीतल्या बाकीच्या १८ नावांपुढेही असे काहीतरी असणार. एकीने तोंड आल्यावर काय खाता येते ते सांगितले असेल, एकीने मुंबईच्या गाडीत कोणत्या बाजूला बसावे म्हणजे ऑपरेशनच्या अंगाला धक्का लागत नाही ते सांगितले असेल. जुने मेसेज शोधा, जुन्या मैत्रिणींना विचारा आणि प्रत्येक नावापुढे ती एक गोष्ट लिहा.

नावे वाचावीत की नाही, याविषयी माझे मत वाचावीत असेच आहे. १९८७च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्यांची आठवण म्हणून कापडाचे १,९२० तुकडे जोडलेली एक प्रचंड गोधडी उघड्या मैदानात अंथरली गेली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका माणसाच्या थडग्याएवढा होता, आणि त्या वेळी गेलेल्यांची नावे मोठ्याने वाचली गेली. ज्या आजाराचे नाव घरातसुद्धा उच्चारले जात नव्हते, त्या आजाराने गेलेल्यांचे नाव चारचौघांत उच्चारणे हाच त्या लोकांना सन्मान वाटला. आपल्याकडे गोधडी काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. आजीचे लुगडे आणि आईची साडी तिच्यात एकमेकींना टाचलेली असतात.

मात्र नाव उच्चारण्यापूर्वी परवानगी हवी, आणि इथे मी जरा आग्रह धरीन. आपल्या समाजात अजूनही सोयरीक जुळवताना 'मुलीच्या आईला काय झालं होतं' असे विचारले जाते. तुमच्या गटातल्या काही जणींच्या सासरीसुद्धा आजाराचे खरे नाव ठाऊक नसेल. म्हणून आधी गेलेल्या १९ जणींच्या घरी तुम्ही एकेक करून विचारावे; होकार मिळाला नाही तर नाव वाचू नये, त्यांची गोष्ट तेवढी सांगावी. आणि आज ज्या आहेत त्यांना प्रत्येकीला आत्ताच विचारून ठेवावे, की माझ्यामागे माझे नाव घेतले तर चालेल का, फोटो चालेल का, कुणाला आधी कळवावे, आणि घरातल्या कोणत्या माणसाचा नंबर तुमच्याकडे असावा. एवढ्या चार ओळी असत्या तर काकूंची बातमी कळायला बारा दिवस लागले नसते. पहिल्यांदा विचारताना जीभ जड होईल. ज्यांनी मृत्युपत्राइतकाच हाही कागद शांतपणे भरला अशा बऱ्याच बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्या भरताना थोड्या हसल्याही आहेत, कारण कुठला फोटो लावायचा नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

४ फेब्रुवारीचा दिवस मात्र मी निवडणार नाही. तो दिवस तपासणी शिबिरांचा, भाषणांचा, बऱ्या झालेल्यांच्या सत्काराचा असतो आणि तसाच असू द्यावा. परदेशातल्या पुष्कळ रुग्णालयांत उपचार संपले की रुग्णाने घंटा वाजवायची पद्धत आहे. १९९६ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात ती सुरू झाली. घंटा वाजवणाऱ्याचा आनंद खरा असतो. पण ज्यांचे उपचार कधी संपणारच नाहीत त्यांनाही तो आवाज त्याच दालनात बसून ऐकावा लागतो, आणि याबद्दल तिकडच्या रुग्णांनीच नाराजी बोलून दाखवली आहे. आनंदाच्या दिवशी १९ नावे वाचली तर दोन्हींचे अवघडलेपण होईल. सर्वपित्री अमावास्येचा विचार तुमच्या मनात येईल, पण मडगावपर्यंत पसरलेल्या तुमच्या गटात ख्रिस्ती मैत्रिणी असतील आणि त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस २ नोव्हेंबर असतो. मुस्लिम, बौद्ध मैत्रिणीही असतील. म्हणून कोणत्याही धर्माचा नसलेला, तुमचाच एक दिवस शोधा. धर्मशाळेत तुम्ही चौघी पहिल्यांदा भेटलात ती तारीख कुणालातरी नक्की आठवत असेल. त्या दिवशी संध्याकाळी, ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे, नावे वाचावीत, प्रत्येक नावापुढची गोष्ट सांगावी, आणि तासाभरात उठावे.

तुमच्या पतींचे म्हणणे कोरडेपणाचे आहे असे मला वाटत नाही. तुमचा त्रास त्यांना बघवत नाही म्हणून ते बोलले असतील. त्यांना एक गोष्ट सांगा. महालयात आपण आई-वडील आणि आजा-पणजा एवढ्यांचाच उच्चार करत नाही. काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे होतात आणि मग गुरू, शिष्य आणि आप्त म्हणजे स्नेही यांचेही नाव घेतले जाते. रक्ताचे नाते नसलेल्या माणसाच्या नावाने पाणी सोडण्याची जागा आपल्या पूर्वजांनी ठेवलेलीच आहे. आणि भेटीचे म्हणाल, तर किमोनंतरच्या तिसऱ्या रात्री तीन वाजता, घर झोपलेले असताना, जिने 'जागी आहेस का' या प्रश्नाला 'हो, बोल' असे उत्तर दिले तिला तुम्ही भेटला नव्हता असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

अजून एक राहिले. कुणाचा आजार वाढला की गटातून तिला येणारे फोन कमी होतात, हे तुमच्याही लक्षात आले असेल. काय बोलावे ते सुचत नाही, आपल्या हातून चुकीचा शब्द जाईल असे वाटते, आणि शिवाय तिच्यात आपले उद्याचे चित्र दिसते. त्यामुळे बाई जिवंत असतानाच तिची आठवण काढणे सुरू होते आणि तिच्याशी बोलणे थांबते. मृत्यूनंतरच्या सभेची आखणी करण्याआधी याची काही व्यवस्था लावा. हाडांत आजार पसरलेल्या त्या मैत्रिणीला दर आठवड्याला फोन करणाऱ्या दोघी-तिघी ठरवा, आणि त्यांनी तिच्याशी आजाराविषयीच बोलले पाहिजे असे नाही.

आणि ती वही. नऊ वर्षांत १९ नावे तुम्ही एकटीने लिहिलीत, कुणाला दाखवली नाहीत, आणि मधल्या काळात दरवर्षी तुमची स्वतःची मॅमोग्राफीही होतच असणार. 'त्या गेल्या आणि मी का राहिले' हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठे लिहिलेला नाही, पण मला तो दिसला. बातमी कळवण्याचे आणि घरच्यांशी बोलण्याचे काम यापुढे तिघींत वाटून घ्या. झोप जात असेल, तपासणीच्या आधीचे दिवस निभावेनासे झाले असतील, तर आपल्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही फोन करता येतो, तो निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर काकूंच्या मुलापासून करा. तो गटातून बाहेर पडला यात उद्धटपणा नव्हता. अनोळखी शंभर बायका आपल्या आईसाठी का रडतात हे त्याला कळलेच नसेल, कारण आई संध्याकाळी फोनवर काय करत असे हे घरात पुष्कळदा कुणालाच ठाऊक नसते. त्याला मेसेज करू नका, पोस्टाने पत्र पाठवा. येणारे-जाणारे थांबून आता बरेच दिवस झाले असतील, म्हणजे ही वेळ योग्यच आहे. त्याची आई तुमच्यासाठी कोण होती ते हाताने लिहा, तिचे नाव घेतलेले चालेल का ते विचारा, आणि पाकिटात एक झोळी घडी करून ठेवा. घरच्यांनी ती कदाचित पाहिलीही नसेल.